गडद लाल म्हणजे किरमिजी नव्हे

साड्यांच्या ऑनलाइन दुकानांत हल्ली मरून, डाळिंबी, वाइन, चेरी असं काहीही 'किरमिजी' म्हणून खपवतात. शब्द भारदस्त आहे, किंमत वाढवून देतो, म्हणून वापरतात. पण किरमिजी हा 'गडद लाल'चा पर्यायी शब्द नाही. तो निळ्याकडे झुकणारा लाल आहे, आणि गडदपणापेक्षा हा झुकावच महत्त्वाचा.

संगणकावरचे आकडे पाहा. वेबपानांसाठी ठरलेल्या रंगांत, शून्य ते २५५ च्या मापावर, 'क्रिमसन'मध्ये, म्हणजे इंग्रजी किरमिजीत, लाल २२०, हिरवा २०, निळा ६०. 'मरून'मध्ये लाल १२८ आणि बाकी दोन्ही शून्य. म्हणजे मरून हा निव्वळ काळवंडवलेला लाल. त्यात निळ्याचा अंशही नाही. जलरंगात तपासायचं तर रंग पाण्याने पातळ करा. गुलाबी होत जांभळ्याकडे गेला तर किरमिजी, पीच किंवा विटकरी दिसला तर तांबड्याच्या घरातला. कापड दिवसाउजेडी पाहा. पिवळ्या बल्बखाली निळा अंश मरतो आणि दुकानदार हवं ते नाव सांगून मोकळा होतो.

किरमीज म्हणजे मुळात किडा. भूमध्य समुद्राकाठच्या ओकवर राहणारा. त्यावरून अरबी-फारसीच्या वाटेने शब्द आपल्याकडे आला, आणि इंग्रजीतले 'क्रिमसन' आणि 'कार्माइन'ही त्याच कुळातले. पुढे मेक्सिकोचा निवडुंगावरचा कोचिनील किडा आला आणि त्याने जुन्या किड्याला बाजारातून उठवलं. ईस्ट इंडिया कंपनीने १७९५ मध्ये तो हिंदुस्थानात आणायला पाहिला, पण आला भलत्याच जातीचा. रंग दिला नाही, निवडुंग मात्र फस्त केला!

आपला खरा किरमिजी लाखेचा. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या लाखकिड्याचा. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख होते, पण बांगड्या आणि पॉलिशपलीकडे तिच्याकडे कुणी पाहत नाही. लाख धुताना जे लाल पाणी गटारात जातं, तोच हा रंग.

लाखेने घरी रंगवायचं तर आधी धाग्याला तुरटी द्यायची, म्हणजे तो रंग धरतो. १०० ग्रॅम लोकरीच्या लडीला १५ ग्रॅम तुरटी लागते. कोमट पाण्यात विरघळवून लडी सोडा, हळूहळू ८०-८५ अंशांपर्यंत न्या, तासभर ठेवा. ढवळू नका, फक्त दाबून वरखाली करा, नाहीतर लोकर आटून तिचा नमदा होतो. रेशीम असेल तर तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं तरी चालतं.

रंगासाठी काडीवरून खरवडलेली कच्ची लाख ७५ ते १०० ग्रॅम घ्या. इतकी का, तर तिच्यात रंग जेमतेम एक टक्का असतो, बाकी राळ. जाडसर कुटून ५० अंशांच्या आतल्या पाण्यात रात्रभर भिजवा, दाट मलमलने गाळा, आणि हे दोन-तीनदा करून सगळं पाणी एकत्र करा. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. घाईने पाणी उकळलं की साधारण ६५-७० अंशांपुढे राळ मऊ होते, भांड्याला आणि नंतर धाग्याला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. ती निघत नाही. रंग लवकर सुटावा म्हणून मूठभर सोडा टाकणारेही आहेत. सोड्यात राळच विरघळते आणि पाणी जांभळं होतं.

गाळलेल्या पाण्यात लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तोही गाळून, घाला. आंबटपणाशिवाय लोकर-रेशीम लाखेचा रंग नीट ओढत नाही. आंबटपणा मोजायच्या पीएच कागदावर आकडा ४ च्या आसपास हवा. लडी सोडून ८० अंशांवर तासभर, मग त्याच पाण्यात गार होऊ द्या.

भांडं स्टीलचं हवं. लोखंडी कढई किंवा टवके उडालेली एनॅमलची पातेली वापरलीत तर रंग वांग्यासारखा होतो. बोअरचं जड पाणीही जांभळट करतं, म्हणून पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या. बिघाड कशाने झालाय ते ओळखायला धाग्याचं टोक व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात बुडवा. लाली परतली तर दोष पाण्याच्या खाराचा, सगळी लडी तशाच पाण्यातून काढा. नाही परतली तर लोखंड. मग ती लडी जांभळी म्हणूनच वापरा.

सुताचं नाव काढू नका. हिरडा आणि तुरटी देऊनही लाख सुतावर मळकीच बसते. सुताला मंजिष्ठा उत्तम, पण ती देते विटेकडे झुकणारा तांबडा. सुंदर रंग आहे, त्याला किरमिजी म्हणवून घ्यायची गरज नाही.

आणि 'शंभर टक्के वनस्पतिजन्य किरमिजी' असं लिहिलेलं दिसलं तर कशाचा, ते विचारा. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा असेल तर छटा जवळची येते, पण उन्हात लवकर उडते. बिटाचा सांगितला तर पुढे बोलूच नका. तो दोन धुण्यांतही टिकत नाही. लाखेचा किंवा कोचिनीलचा असेल तर तो किड्याचा आहे, आणि ज्यांना किडा चालत नाही त्यांना हे कळलं पाहिजे.

असा कपडा धुण्याच्या पावडरीत घालू नका. पावडरीत खार असतो, रंग लगेच जांभळ्याकडे सरकतो. रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.