३३वी नोंद राहिली

‘शेती राज्यसूचीत आहे, केंद्राला त्यात कायदा करताच येत नाही’ हे शेतीच्या कायद्यांवरच्या तुमच्या लेखातलं विधान अर्धंच खरं आहे. शेती आणि बाजार राज्यसूचीत, म्हणजे घटनेतल्या राज्यांच्या विषयांच्या यादीत आहेत, मान्य. पण समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांनाही कायदे करता येतात त्या विषयांच्या यादीतल्या ३३व्या नोंदीचं काय? १९५४च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने अन्नपदार्थांचा व्यापार तिच्यात आला आणि २०२०चे कृषी कायदे केंद्राने तिच्याच आधारे केले.

शिवाय परदेशी व्यापार संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत. आम्ही निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा निघत होता, भाव धाडकन पडला. आमदारांना भेटलो, तर म्हणाले, हे दिल्लीच्या हातात. खरंच होतं ते. वावर, पाणी, बाजार समिती सगळं राज्याकडे, पण आमचं वर्ष बुडालं केंद्राच्या एका अधिसूचनेने. लेखात हे यायलाच हवं होतं.