कच्चथीवूचा फॉरवर्ड आणि ‘देशद्रोही’ मतदार

2024 च्या लोकसभा प्रचारात कच्चथीवू बेटाचा एक मजकूर सगळीकडे फिरत होता. तो आमच्या काकांनीही घरच्या ग्रुपवर टाकला. इंदिरा गांधींनी 1974 मध्ये भारताचं बेट श्रीलंकेला दान दिलं, नेहरूंना तर त्याची किंमतच नव्हती, म्हणून आज आपले मच्छीमार तुरुंगात जातात, आता ते परत घेणार. आणि खाली ठळक अक्षरांत : ‘देशद्रोह्यांना मत देणाराही देशद्रोहीच.’ त्याच ग्रुपवर माझी आत्या आहे. ती आयुष्यभर पंजाला मत देत आली आहे. तिने काही उत्तर दिलं नाही, म्हणून मी देतोय.

काका, ‘दान’ द्यायला वस्तू आधी आपली ठरलेली असावी लागते. रामेश्वरमपलीकडचं हे 285 एकरांचं बेट. तिथे कायमची वस्ती नाही, आहे ते सेंट अँथनीचं चर्च. ब्रिटिश काळापासून दोन्हीकडून दावे होते आणि समुद्रातली हद्द आखलेलीच नव्हती. जानेवारी 2015 मध्ये माहिती अधिकाराखालच्या अर्जाला परराष्ट्र मंत्रालयाने उत्तर दिलं : हद्द कधी आखलेलीच नसल्यामुळे 1974 च्या भारत-श्रीलंका करारात भारताचा भूभाग देण्याचा किंवा घेण्याचा प्रश्न नव्हता. तेव्हा मोदी सरकार येऊन आठ महिने झाले होते. हे एक उत्तर वाचलं असतं तरी तो फॉरवर्ड पुढे ढकलायची गरज पडली नसती.

नेहरूंचा 1961 चा शेरा खरा आहे. या बेटाला आपण महत्त्व देत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पण करार झाला त्याआधी दहा वर्षं ते वारले होते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. 1974 चा करार संसदेच्या मंजुरीसाठी ठेवला नाही. 1976 मध्ये, आणीबाणीत, तमिळनाडूत राष्ट्रपती राजवट असताना, एकमेकांच्या हद्दीत मासेमारी करायची नाही हे नुसत्या पत्रांच्या देवाणघेवाणीने ठरलं. रामेश्वरमच्या कोळ्यांना कुणी विचारलं नाही. यावर इंदिरा गांधींना हवं तेवढं झोडपा, मी आड येणार नाही.

पण देशद्रोह? 2015 मध्ये बांगलादेशाशी सीमाकरार पक्का झाला. भारताच्या 111 वसाहती, म्हणजे चहूबाजूंनी बांगलादेशाने वेढलेले आपले तुकडे, सुमारे 17 हजार एकर, तिकडे गेल्या. बदल्यात 51 वसाहती, सुमारे 7 हजार एकर, आपल्याकडे आल्या. त्यासाठी घटनादुरुस्ती झाली आणि काँग्रेसनेही तिच्या बाजूने मत दिलं. करार योग्यच होता, त्या वसाहतींतल्या माणसांना पहिल्यांदा कुठल्यातरी देशाचं नागरिक होता आलं. मग जो शिक्का 1974 ला मारता तो 2015 ला का नाही? आणि तो थेट मतदाराच्या कपाळावर मारायचा? ज्या बाईच्या घरी तुम्ही दर दिवाळीत जेवता, तिला हे म्हणताय, काका.

मच्छीमारांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात खरं दुःख आहे आणि खोटं कारण. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनीच 2024 मध्ये सांगितलं, वीस वर्षांत 6184 भारतीय मच्छीमार श्रीलंकेने पकडले. त्यातली दहा वर्षं कुणाची? आपले मोठे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जाळी ओढतात, त्यात पिल्लं-अंडी सगळं जातं. आपल्या बाजूचा मासा आटला म्हणून ते पलीकडे जातात. तिथे श्रीलंकेतल्या जाफना, मन्नारचे कोळीही तमिळच. त्यांची जाळी या ट्रॉलरखाली फाटतात. श्रीलंकेने 2017 मध्ये अशा मासेमारीवर बंदीच घातली. मालवण-रत्नागिरीत रापणवाले (किनाऱ्यावरून पारंपरिक जाळं ओढणारे) आणि पर्ससीनवाले (यांत्रिक बोटींतून मोठी जाळी टाकणारे) का भांडतात हे ज्याला कळतं, त्याला हे समजायला वेळ लागू नये. आणि आपल्या डहाणू-पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात नि पाकिस्तानच्या कैदेत अडकतात, तिथे कुणी कुठलं बेट दिलं होतं? गुजरात नि पाकिस्तानमधल्या सर क्रीक या खाडीपाशी तर हद्दच ठरलेली नाही, नि तिथेही भोगतो तो खलाशीच.

राहिलं ‘परत घेणार’. 2014 मध्ये मोदी सरकारचेच तेव्हाचे ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी सर्वोच्च न्यायालयात म्हणाले होते की बेट परत हवं तर युद्ध करावं लागेल. 2017 मध्ये भारत-श्रीलंकेमधल्या पाल्कच्या उपसागरातले 2000 ट्रॉलर बदलून खोल समुद्रात जाणाऱ्या बोटी द्यायची योजना आली, मुदत तीन वर्षांची होती. त्या मुदतीत ते लक्ष्य गाठलं गेलं नाही. काका, पुढचा मेसेज टाकाल तेव्हा त्या बोटींचा टाका, आणि आत्याला आधी फोन करा.