‘मायकेल नव्हता, म्हणून हॅलोवीन ३ बुडाला’ : एका लाडक्या दाव्याची झडती

दर ऑक्टोबरात भयपटांच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर नव्याने फिरू लागतो. त्याचा सारांश असा : १९८२ साली ‘हॅलोवीन’ मालिकेच्या तिसऱ्या भागातून निर्मात्यांनी आधीच्या भागांतला मुखवटाधारी खुनी मायकेल मायर्स यालाच वगळले, कुठेतरी पडून असलेल्या भलत्याच पटकथेवर हॅलोवीनचे नाव डकवले, मूळ दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांनी तोवर मालिकेतून अंग काढून घेतले होते, चित्रपट सपशेल आपटला, मालिका सहा वर्षे बंद पडली आणि मायकेल परतला तेव्हाच ती सावरली. शिवाय या मंडळींना चित्रपटाचा शेवटही धड करता आला नाही, अशी पुस्ती असते. यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती पुढे मान्यही केली आहे. उरलेल्या मात्र नोंदींशी ताडून पाहिल्या तर टिकत नाहीत.

पटकथेपासून सुरुवात करू. ‘हॅलोवीन ३ : सीझन ऑफ द विच’ची पटकथा कोणाच्या कपाटात धूळ खात पडलेली नव्हती, ती याच चित्रपटासाठी मागणी देऊन लिहून घेतलेली होती. दिग्दर्शनासाठी आरंभी जो डान्टे यांचे नाव होते आणि त्यांनीच नायजेल नील या ब्रिटिश लेखकाला विचारावे असे सुचवले. विज्ञान आणि प्राचीन अंधश्रद्धा एकत्र आणण्यात नील यांचा हातखंडा होता. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या ‘क्वाटरमास’ मालिका त्यांच्याच. या चित्रपटातला मुखवट्यांचा कारखाना, दूरचित्रवाणीवरून मुलांपर्यंत पोहोचणारा घातक संकेत आणि स्टोनहेंजच्या शिळेचा तुकडा हे सगळे त्या जातकुळीला शोभणारेच आहे. पुढे अर्थपुरवठा करणाऱ्या डिनो डी लॉरेन्टिस यांनी रक्तपात वाढवण्याचा आग्रह धरला, नील यांना तो रुचला नाही आणि त्यांनी श्रेयनामावलीतून आपले नाव काढून घेतले. कारपेंटर यांनी श्रेय न घेता पुनर्लेखन केले, दिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांनी शेवटचा हात फिरवला आणि पडद्यावर लेखक म्हणून एकट्या वॉलेस यांचे नाव उरले. एका पटकथेवर तिघांचे हात पडले की सांधे दिसतात, आणि ते इथेही दिसतात. पण सांधे दिसणे वेगळे आणि दुसऱ्याच्या दुकानावर आपली पाटी लावणे वेगळे.

कारपेंटर यांनी अंग काढून घेतले होते, हा आरोप तर श्रेयनामावली नुसती वाचली असती तरी करता आला नसता. तिथे निर्माते म्हणून जॉन कारपेंटर आणि डेब्रा हिल अशी दोन नावे आहेत, म्हणजे १९७८चा पहिला चित्रपट ज्यांनी मिळून लिहिला तेच दोघे. पार्श्वसंगीत कारपेंटर आणि अ‍ॅलन हॉवर्थ यांचे आहे. छायाचित्रण डीन कंडी यांचे आहे, ज्यांनी पहिले दोन्ही भाग चित्रित केले होते. नायकाच्या घटस्फोटित पत्नीच्या भूमिकेतली नॅन्सी काइज ही पहिल्या भागातली अ‍ॅनी. दुसऱ्या भागात मायकेलचा मुखवटा घालणारे डिक वॉरलॉक येथे यांत्रिक मारेकरी झाले आहेत. पहिल्या दोन भागांतली नायिका लॉरी साकारणाऱ्या जेमी ली कर्टिस यांचा आवाजदेखील चित्रपटात आहे, फक्त त्याचे श्रेय दिलेले नाही.

वॉलेस यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण ‘कोणी उपरा दिग्दर्शक आणला’ असेही काही जण लिहितात. वॉलेस हे पहिल्या चित्रपटाचे कलादिग्दर्शक आणि सहसंकलक होते. दोन डॉलरच्याही आत मिळालेला ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी मुखवटा आणून, त्याचे कल्ले काढून, डोळ्यांची भोके मोठी करून आणि वर पांढरा रंग फासून मायकेल मायर्सचा चेहरा ज्याने घडवला, तो हाच माणूस. दुसऱ्या भागाचे दिग्दर्शन त्यांना देऊ केले होते आणि त्यांनी ते नाकारले होते. मायकेलला चेहरा देणाऱ्याने मायकेलविना चित्रपट करायला होकार द्यावा, यात अडाणीपणापेक्षा कंटाळ्याचा भाग अधिक असावा, असे मला वाटते.

कंटाळा कारपेंटर यांनाही आला होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. दुसऱ्या भागाची पटकथा आपण बिअरच्या आधाराने कशीबशी पूर्ण केली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचा उलगडा त्या पटकथेतच पहिल्यांदा आला. दुसऱ्या भागाच्या अखेरीस मायकेल आणि त्याच्या मागावर असलेला डॉक्टर लूमिस दोघेही रुग्णालयातल्या स्फोटात जळताना दाखवले, ते गोष्ट संपवण्यासाठीच. तिसऱ्या भागाची विचारणा झाली तेव्हा कारपेंटर आणि हिल यांची अट होती की ही गोष्ट पुढे ओढायची नाही. दरवर्षी त्याच सणाभोवती वेगळी भयकथा रचावी, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे मायकेलला ‘वगळण्याचा’ निर्णय ऐनवेळचा नव्हता. ती अट मान्य झाली नसती तर हे दोघे या चित्रपटात नसते.

येथे दुसऱ्या बाजूच्या अतिउत्साही वकिलांनाही आवरले पाहिजे. ‘कारपेंटर यांना पहिल्यापासूनच स्वतंत्र कथांची मालिका हवी होती’ हे विधान तितकेच सैल आहे. तशी योजना १९७८ साली असती, तर दुसऱ्या भागात त्याच रात्रीची गोष्ट पुढे चालू झालीच नसती. स्वतंत्र कथांची कल्पना दुसऱ्या भागानंतरची आहे, आणि माझ्या मते खरी चूक त्या क्रमातच आहे. ‘हॅलोवीन’ या शब्दाचा अर्थ प्रेक्षकांच्या मनात एका रात्रीवरून एका माणसाकडे सरकला तो दुसऱ्या भागामुळे. स्वतंत्र गोष्ट दुसऱ्या क्रमांकावर आली असती तर वेगळे घडले असते; तिसऱ्या क्रमांकावर येईपर्यंत उशीर झाला होता. गंमत अशी की दुसऱ्या भागात शाळेच्या फळ्यावर रक्ताने लिहिलेला ‘सॅवन’ हा शब्द, म्हणजे हॅलोवीनचे प्राचीन केल्टिक मूळ, पुढे कोणी नीट हाताळला असेल तर तो या तिसऱ्या भागाने. सणाचा व्यापार करून सणाचाच सूड उगवणारा कॉनल कॉकरन हा खलनायक त्याच मुळातून आला आहे.

आता ‘सपशेल आपटला’ याकडे येऊ, आणि अर्धे खरे ते येथेच आहे. चित्रपट २२ ऑक्टोबर १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. खर्च सुमारे २५ लाख डॉलर, अमेरिकेतली तिकीटविक्री सुमारे १ कोटी ४४ लाख डॉलर. दुसऱ्या भागाने सुमारे २ कोटी ५५ लाख मिळवले होते. त्या मानाने ही घसरण मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. एकूण विक्रीपैकी सुमारे ६३ लाख पहिल्या तीन दिवसांतच आले, म्हणजे नाव पाहून लोक आले आणि बाहेर पडून इतरांना ‘यात तो नाही’ असे सांगते झाले. प्रेक्षकांना फसवल्यासारखे वाटले, हे मान्य. पण खर्चाच्या साडेपाच पटींहून अधिक तिकीटविक्री झालेल्या चित्रपटाला ‘बुडाला’ म्हणायचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल. चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा धरूनही.

मायकेल परतताच मालिका सावरली, हा दावा आकडे आणखीच अडचणीत आणतात. १९८८च्या चौथ्या भागात मायकेल होता, खर्च दुपटीचा म्हणजे सुमारे ५० लाख डॉलर होता आणि अमेरिकेतली विक्री सुमारे १ कोटी ७८ लाख झाली. पुढच्याच वर्षीच्या पाचव्या भागातही मायकेल होता. त्याची विक्री सुमारे १ कोटी १६ लाखांवर आली. मायकेल नसलेल्या तिसऱ्या भागापेक्षा हा आकडा कमी आहे, आणि मधल्या सात वर्षांत तिकिटे स्वस्त झालेली नव्हती. या पाचव्या भागाबद्दल ‘मायकेल होता म्हणून बुडाला’ असे मात्र कोणी लिहीत नाही.

सहा वर्षांच्या खंडाचे खापरही एकट्या तिसऱ्या भागावर फोडता येत नाही. चौथ्या भागासाठी मधल्या काळात कारपेंटर यांच्या बाजूने डेनिस एचिसन यांनी एक पटकथा लिहिली होती, ज्यात मायकेलच्या हॅडनफील्ड गावात हॅलोवीनवरच बंदी असते. निर्माते मुस्तफा अक्कड यांना ती पसंत पडली नाही. नंतर कारपेंटर आणि हिल यांनी आपला हिस्सा विकला आणि सूत्रे अक्कड यांच्याकडे गेली. मालिका थांबली होती त्याला मालक मंडळींचे मतभेद हेही एक कारण होते.

राहिला शेवट. बांधून ठेवलेला नायक डॉक्टर चॅलिस निसटतो, दूरध्वनीवरून वाहिन्यांना तो घातक संकेत असलेली मुखवट्यांची जाहिरात थांबवण्याची विनवणी करतो. दोन वाहिन्या ती थांबवतात, तिसरी थांबवत नाही, आणि त्याच्या किंकाळीवर पडदा काळा होतो. पटकथेत ढोबळ चुका आहेत (अमेरिकेत पूर्वेला आणि पश्चिमेला रात्रीचे नऊ एकाच वेळी वाजत नाहीत, हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही, देव जाणे), पण शेवट त्यांपैकी नव्हे. युनिव्हर्सल कंपनीला तो बदलून हवा होता. कारपेंटर यांनी वॉलेस यांना तसे कळवले आणि निर्णय त्यांच्यावरच सोपवला. वॉलेस यांनी तो बदलला नाही.