पांढरे बूट, बारा नंबर

रात्रीचे साडेअकरा झालेत आणि मी चिडलेली आहे. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या. माझ्या एका हातात पोराच्या नव्या बुटांचा खोका, दुसऱ्या हातात जुन्या बुटांची पिशवी. काकूंनी पिशवीत डोकावून बघितलं. "अगंबाई, हे तर नवेच आहेत की! आम्ही एक जोड दोन-दोन वर्षं पुरवायचो हो." मी हसले. चौथा मजला येईपर्यंत हसतच राहिले. घरात शिरून दार लावल्यावर जे काय बोलले ते नवऱ्याला विचारा. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

नवेच आहेत ते बूट, काकू. तेच तर रडगाणं आहे.

झालं असं. आमचं पोरगं दुसरीत आहे. सोमवार ते शुक्रवार काळे बूट, शनिवारी पीटी म्हणून पांढरे. काळे रोज वापरून चेचले जातात, त्यामुळे ते दर जूनला बदलतो. पांढरे गेल्या वर्षी पहिलीत जाताना घेतले होते, एक नंबर मोठे, आणि या जूनला मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "शनिवारचेच तर आहेत, चालतील की अजून." परवाच्या पालकसभेत बाई म्हणाल्या, हा पीटीला खेळत नाही, कट्ट्यावर बसून राहतो. मी घरी येऊन त्याला मोबाइलवरून, आळशीपणावरून, दूध न पिण्यावरून, सगळ्यावरून झापलं. आज रविवार, अंघोळीनंतर नखं कापायला पाय मांडीवर घेतला तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी.

"अरे, दुखत होतं तर सांगायचं नाही का?"

"तूच म्हणालीस ना, अजून चालतील."

यावर काय बोलणार? डॉक्टर मैत्रिणीला फोटो पाठवला. ती म्हणाली नख कदाचित गळेल, नवं येईल, घाबरू नकोस, पण ते बूट आजच बंद कर. म्हणून संध्याकाळी दुकान. म्हणून लिफ्ट. म्हणून ही पोस्ट.

आता मला माझ्या बुटांबद्दल सांगू द्या. कंटाळा आला तर पुढे सरका.

१९९६, मी पाचवीत. गाव कराडच्या जवळ, बाबा एसटीत कंडक्टर. बूट आणायला पोरांना बरोबर न्यायची पद्धत आमच्या घरी नव्हती, कारण चार जणांचं तिकीट आणि वर पोरं दुकानात हट्ट करणार. बाबा खराट्याची काडी घ्यायचे, मला भिंतीला टाच लावून उभं करायचे, पायाशेजारी काडी धरायचे आणि मोडायचे. पण अंगठ्याजवळ नाही. अंगठ्याच्या पुढे दोन बोटं धरून मग मोडायचे. ती काडी शर्टाच्या खिशात तिकिटांच्या ट्रेशेजारी कराडला जायची आणि येताना बुटांचा खोका यायचा. त्या काडीला मी जाम घाबरायचे. ती दोन बोटं म्हणजे दोन वर्षं होती.

पाचवीत त्या बुटांत पुढे वर्तमानपत्राचे बोळे असायचे. शंभर मीटरच्या शर्यतीत उजवा बूट पायातून निघून थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी पडला. मी एका बुटावर पळाले. शेवटून दुसरी आले, कारण एक मुलगी पडली होती. सहावीत बोळे निघाले, आणि लगेच बोटं दुमडायला लागली. मग मी टाच मोडून ते चपलेसारखे घालायला लागले आणि पीटीचे सर ओरडले, "बूट आहेत का स्लिपर?" घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. बूट दिसायला ठणठणीत होते ना! हिशोब केला तर पाचवीभर मोठे, सहावीभर लहान. बरोबर बसले ते फक्त मधल्या मे महिन्यात. आणि मे महिन्यात ते खोक्यात घालून कॉटखाली ठेवलेले होते.

हे मी आजवर गंमत म्हणून सांगत आले. लग्नात सांगितलंय, ऑफिसच्या पार्टीत सांगितलंय, सगळे खो खो हसतात. आज नखं बघितल्यापासून हसू येत नाहीये.

कारण मी तेच केलं. काडी न मोडता केलं एवढंच.

आपण विचारतो, "किती दिवस टिकले?" आणि बघतो बुटाकडे. सोल झिजला का, शिवण उसवली का, पुढून तोंड उघडलं का. अरे, पण आत पाय आहे! तो वाढतोय! दोन-तीन वर्षांचं पोर असेल तर वर्षात दीड सेंटीमीटर, कधी जास्तच. शाळेत जायला लागल्यावर वर्षाला साधारण एक. बुटाचा एक नंबर म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर. म्हणजे बूट किती का महागाचा असेना, शाळकरी पोराला तो वर्षाच्या आत लहान होणार. सोल तीन वर्षांचा असला तरी पायाला काय त्याचं?

आणि पोरं सांगत नाहीत. लहान पायात बराच भाग अजून कुर्चेचा, म्हणजे कच्च्या मऊ हाडाचा असतो, पाय मऊ असतो, दाबाल तसा दाबला जातो. मोठ्या माणसाला घट्ट बूट दहा मिनिटांत कळतो, पोरं बोटं दुमडून दिवस काढतात. वरून बुटाचं टोक दाबून "कुठे लागतंय का रे?" विचारायची आपली जी पद्धत आहे ना, ती बंद करा. दाबलं की पोरं बोटं मागे ओढतात आणि "नाही" म्हणतात. मी स्वतः जूनमध्ये असंच दाबलं होतं. "नाही" म्हणाला. आतला सुकतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर पोराला मोजे घालून उभं करा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसली पाहिजे. अर्धं बोट राहिलं की नवा जोड घ्यायचा. संध्याकाळी बघा, सकाळपेक्षा पाय जरा फुगलेला असतो, आणि दोन्ही पाय बघा, एक बहुतेक मोठा असतोच. शाळेतल्या मुलांचं दर तीन महिन्यांनी, बालवाडीतल्यांचं दोन महिन्यांनी. मी आता गॅस सिलिंडर लावते त्या तारखेच्या खाली लिहून ठेवणार आहे.

हो हो, माहितीये. "पैसे काय झाडाला लागतात का?" नाही लागत. मान्य.

आणि ज्यांना खरंच परवडत नाही त्यांना मी हे ऐकवत नाहीये. सरकारनं २०२३ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड मोजे द्यायचं ठरवलं, तेव्हा एका मुलामागे १७० रुपये धरले होते. एकशे सत्तर! त्यात मोजेही आले. त्या घरातली आई "दर तीन महिन्यांनी तपासा" वाचून काय म्हणेल मला कळतं. मी बोलतेय आपल्याबद्दल. वाढदिवसाला पाहुण्यांच्या पोरांना वाटायला अडीचशेची भेट घेणाऱ्यांबद्दल. आपण बुटांत काटकसर करतो आणि तिला संस्कार म्हणतो.

पावसाळ्याचं वेगळंच दुखणं. जूनमध्ये शाळा सुरू होते, जूनमध्येच पाऊस, आणि आपण नवे कोरे काळे बूट जूनमध्येच चिखलात घालतो. दोन दिवस आत पेपर कोंबून, फ्रिजच्या मागे ठेवूनही आतून दमटच. मग तोच ओला बूट तिसऱ्या दिवशी पायात, सोलची पेस्टिंग सुटते, आत बुरशीचा वास. शाळांनी पावसाळाभर सँडल चालू द्यावेत, विषय संपला. काही शाळा देतात. आमची नाही देत. शिस्त म्हणे.

गेल्या ऑगस्टमध्ये असाच तोंड उघडलेला बूट घेऊन कोपऱ्यावरच्या, बूट-चपला शिवणाऱ्या गटई स्टॉलवर गेले होते. तिथल्या काकांनी बूट हातात घेतला, सोलकडे बघितलंच नाही. आत हात घातला, पुढे चाचपलं आणि म्हणाले, "अंगठ्यानं आतून अस्तर खाल्लंय बघा. शिवून देतो, पण पोराला लहान होतोय." चाळीस रुपयांच्या शिलाईत मला ते कळलं जे आठशेचा बूट विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. टाचेकडचा कडक भाग दाबून बघायलाही त्यांनीच शिकवलं. तो मऊ पडून आत गेला, किंवा मागून बघितल्यावर बूट एका बाजूला कलला, तर मापाला बरोबर असला तरी संपला.

आणि ते जपून ठेवायचं वेड! आमच्या जाऊबाईंनी त्यांच्या मोठ्याचे बूट माळ्यावर चार वर्षं जपले, धाकट्याला होतील म्हणून. खोक्यात, कागदात गुंडाळून, चकाचक. धाकटा पहिल्याच दिवशी घालून गेला आणि मधल्या सुट्टीपर्यंत सोलचा चुरा. शब्दशः चुरा, शिळ्या केकसारखा. त्या पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या सोलला हवेतला दमटपणा आतून खातो, वापरा नाहीतर ठेवा. पोरगं मोज्यांवर घरी आलं. थोरल्याचं धाकट्याला देऊच नये असं नाही म्हणत मी. चार-सहा महिने हलका वापरलेला, टाच ताठ असलेला बूट खुशाल द्या. पण थोरल्यानं दीड वर्ष तुडवून आपल्या पायाच्या वळणाचा केलेला बूट धाकट्याला देणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावायला देणं.

मापाचंही ऐका. दुकानदार आज म्हणाला, "एक नंबर द्या." मी म्हटलं, अहो काळे तेराचे आहेत, एक कसला? तर मुलांचे नंबर तेराला संपतात आणि पुन्हा एकपासून सुरू होतात. ही इंग्रजांची देणगी. ते गेले, नंबर ठेवून गेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभरात ७९ ठिकाणी लाखभर माणसांचे पाय मोजले, त्यात दिसलं की आपले पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात. "भा" नावाची आपली मापं सुचवलीत. येतील तेव्हा येवोत. तोवर लांबीला बरोबर आणि करंगळीला चावणारा बूट हेच आपल्या नशिबी. आणि त्यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, एक नंबर मोठा देऊ का? वर्षभर बघायला नको."

खरं सांगू? माझ्या तोंडात "द्या" आलं होतं. नखं बघून चार तास झाले नव्हते.

घरी येऊन बाबांना फोन केला. भांडायलाच केला होता, खोटं कशाला बोलू. आता सत्तरीत आहेत, बुटांची गोष्ट त्यांना माझ्याकडून पन्नास वेळा ऐकून पाठ आहे. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काडी दोन बोटं मोठी का मोडायचात?" ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक बोट मोडून बघितली होती गं आधी. चौथीत. आठ महिन्यांत तुला ते होईनात. परत घ्यायला पैसे नव्हते." मला चौथीतले बूट आठवतच नाहीत. मला शर्यत आठवते, बोळे आठवतात, सर आठवतात. जे बरोबर बसले ते आठवतच नाहीत. आणि आता आठवायला बसले तर त्यांच्या पायातली चप्पल आठवतेय, अंगठा तिसऱ्यांदा शिवलेली, खाकी पँटखाली.

म्हणजे काकूंचंही तसंच असेल कदाचित. "पुरवायचो" म्हणाल्या त्या, "टिकायचे" नाही म्हणाल्या. उद्या जाऊन बोलेन त्यांच्याशी. बहुतेक.

फोन ठेवल्यावर काडी शोधली. फ्लॅटमध्ये खराटा कुठला? अगरबत्तीची काडी घेतली. पोराला भिंतीला टाच लावून उभं केलं, काडी पायाशेजारी धरली. तो वाकून बघत होता. म्हणाला, "आई, थोडी मोठी मोड ना. मग जास्त दिवस चालतील."

एक बोट धरलं आणि मोडली. काडी काळ्या बुटात घालून बघितली तर वाकली. अर्धं बोटच उरलंय. म्हणजे काळेही याच महिन्यात.

तर, बारा नंबरचे पांढरे बूट आहेत. फक्त शनिवारी वापरलेले, टाच ताठ, सोल चांगला. कुणाच्या मुलाला होत असतील तर सांगा, असेच देईन. येताना मुलाला घेऊन या, नुसता नंबर सांगू नका.