छावणीत कुणी आजारी पडत नव्हतं, हे साफ खोटं आहे

गेल्या रविवारी गिरगावच्या मोठ्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. विषय, अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांचं 'निरोगी छावणीजीवन'. मंगळवारी विक्रोळीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीला नऊ महिने पूर्ण झालेत, गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. बहीण म्हणाली, "काकांनी पाठवलंय ते वाचलंस ना? थोडं थांबावं म्हणते." म्हणून हे लिहितो आहे. नाहीतर असे मेसेज रोज येतात आणि मी ते पुढे सरकवून मोकळा होतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: 1861 ते 1865 या चार वर्षांत लाखो सैनिक तंबूत राहिले, नदीचं पाणी न उकळता प्यायले, कोरडी बिस्किटं खाल्ली. ना लस, ना औषध. तरी आजार त्यांच्या जवळ फिरकला नाही, कारण मोकळी हवा आणि मातीतले जंतू यांनीच शरीर घडवलं. सगळे एका तंबूत भावासारखे राहत, शत्रूशीही कॉफी-तंबाखूची देवाणघेवाण करत, आणि गोळी दातात धरून पाय कापून घेत. शेवटी ठळक अक्षरांत: 'मुलांना सुया टोचू नका, मातीत खेळू द्या.'

आधी आजाराचं. या युद्धात अमेरिकेतली उत्तरेकडची राज्यं दक्षिणेकडच्या राज्यांशी लढली. दोन्ही बाजू मिळून 6 लाखांहून जास्त सैनिक मेले, आणि त्यातले साधारण दोन तृतीयांश रोगराईने. एकट्या उत्तरेच्या सैन्याचा हिशेब पाहा. लढाईत किंवा जखमांनी मेलेले सुमारे 1 लाख 10 हजार, रोगाने मेलेले त्याच्या दुपटीच्या आसपास. हा माझा अंदाज नाही. उत्तरेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सैन्याच्या सर्वांत वरच्या डॉक्टरच्या, कार्यालयाने युद्धानंतर छावण्यांतल्या आणि इस्पितळांतल्या नोंदी एकत्र करून 1870 ते 1888 या काळात सहा जाडजूड खंड छापले. जुलाब आणि आमांशाने मेलेल्यांचा त्यातला आकडा 40 हजारांच्या वर आहे. 'आजार फिरकला नाही' असं लिहिणाऱ्याने ते खंड दुरूनही पाहिलेले नाहीत.

जुलाब कशाने होत होते, तेही त्या छावणीतच दिसतं. शौचासाठी छावणीच्या कडेला चर खणत. घाण वास आणि माश्या यांमुळे पोरं तिथे जायची टाळाटाळ करत, रात्री तर तंबूमागेच उरकत. पाऊस आला की ते सगळं ओढ्यात. सकाळी पाण्याची बाटली त्याच ओढ्यात बुडवून भरायची. 1862 मध्ये जोनाथन लेटरमन हा डॉक्टर उत्तरेच्या 'पोटोमॅकचं सैन्य' नावाच्या मोठ्या फौजेचा वैद्यकीय प्रमुख झाला, तेव्हा त्याने आग्रह धरला तो विहिरी खणा, चर खणा, चरांवर रोज माती टाका, अंघोळ करा, स्वयंपाक एकत्र आणि नीट शिजवून करा याचा. सैन्याची तब्येत सुधारली ती अशा शिस्तीने. मातीतल्या जंतूंनी ती सुधारली असती, तर लेटरमनला काही सांगायची वेळच आली नसती.

आणि न उकळलेल्या पाण्याचं कौतुक करणाऱ्याने कॉफीकडे बघावं. उत्तरेच्या सैनिकाला शिध्यात कॉफी मिळे. बिया बंदुकीच्या दस्त्याने ठेचायच्या, पत्र्याच्या डब्यात पाणी घालून शेकोटीवर उकळायच्या, असं दिवसातून कितीतरी वेळा चाले. जंतूंची कल्पना त्या सैनिकांना नव्हती, पण जेवढं पाणी त्या डब्यात उकळलं तेवढं तरी बाधलं नाही.

आता गोवर, कारण माझ्या बहिणीचा प्रश्न तोच आहे. गोवर त्या छावण्यांत आगीसारखा पसरायचा. शहरातल्या बहुतेक पोरांना तो लहानपणी येऊन गेलेला असे. दूरच्या शेतावर वाढलेल्या धडधाकट पोरांना नसे. ती भरती होऊन हजार माणसांच्या छावणीत आली की काही आठवड्यांत पलटणीच्या पलटणी आडव्या व्हायच्या. मोकळी हवा, माती, कष्ट, मेसेजमध्ये जे जे सांगितलंय ते सगळं या पोरांना जन्मापासून मिळालेलं होतं, आणि तीच जास्त मेली. उत्तरेच्याच सैन्यात गोवराने सुमारे 5 हजार गेले. कित्येकांनी लढाई पाहिलीसुद्धा नव्हती. एकदा येऊन गेलेला गोवर पुन्हा सहसा येत नाही, हे खरं. पण लस तेच संरक्षण आजारपणाशिवाय देते, आणि ती आली 1963 मध्ये, त्या पोरांना शंभर वर्षं उशिरा. लांब कशाला जायचं, 2022 च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली. गोवंडी विक्रोळीपासून किती लांब आहे, काका?

'ना लस, ना औषध' हेही खोटं. देवीची लस तेव्हाही टोचत. हिवतापावर क्विनाइन होतं, अफू होती. एवढं मात्र मान्य करावं लागेल की काही औषधं रोगाइतकीच वाईट होती. कॅलोमेल हे पाऱ्याचं औषध इतकं बेताल दिलं जाई की 1863 मध्ये सर्जन जनरल हॅमंडने ते सैन्याच्या औषधांच्या यादीतून काढलं. पण त्यावरून आजची लस टाळायची हा कुठला न्याय?

बाकीचं भराभर. गोळी चावून शस्त्रक्रिया: बहुसंख्य शस्त्रक्रिया क्लोरोफॉर्म किंवा ईथर देऊन झाल्या. बिस्किटं: ती हार्डटॅक, पीठ आणि पाण्याची, वीटेसारखी कडक. कॉफीत बुडवली की आतले किडे वर तरंगायचे, ते चमच्याने काढून टाकायचे आणि प्यायचं. शत्रूशी कॉफी-तंबाखूची अदलाबदल मात्र खरी आहे. उत्तरेने केलेल्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत कॉफी मिळेनाशी झाली होती, उत्तरेकडे तंबाखू कमी, आणि पहाऱ्यावरची पोरं नदीपलीकडच्यांशी गुपचूप व्यवहार करत. मेसेजमधलं एवढंच वाक्य मला खोडता आलं नाही.

पण 'सगळे भावासारखे' हे वाचून मला राग आला. उत्तरेच्या गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. काळ्या शिपायाला 10, आणि त्यातून कपड्यांचे 3 कापून हातात 7. काळ्या शिपायांच्या मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीने असा पगार घ्यायलाच नकार दिला, वर्षभराहून जास्त बिनपगारी लढली. 1864 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या संसदेने पगार सारखा केला तो त्यानंतर. या माणसांना एका गोड वाक्याखाली गाडून टाकायचा अधिकार कुणालाच नाही.

काका, 'हा इतिहास आपल्यापासून लपवला' असंही त्यात आहे. त्या युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंदांनी दिलेला पैसा त्याच तेजीतला. तुम्ही चाळीस वर्षं त्या टॉवरखालून ऑफिसला गेलात.

तुमचा मेसेज आपल्या ग्रुपवरून आणखी तीन ठिकाणी गेलाय, बहिणीने सांगितलं. तिथे तिथे हेही पाठवा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतो. बुधवारी मी रजा टाकली आहे, भाचीला घेऊन बहिणीबरोबर जातो आहे.