गोटी सोड्याच्या बाटलीविषयी खुलासा

गोटी सोड्याची बाटली हा अस्सल देशी शोध असून तिच्यातील काचेच्या गोटीमुळे सोडा गार राहतो, असा मजकूर उन्हाळ्याच्या तोंडावर समाजमाध्यमांवर फिरत आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. या बाटलीचे पेटंट हिरम कॉड या इंग्रज अभियंत्याने 1870च्या दशकात घेतले. मुंबईतील पालनजी ही पारशी सोडा कंपनी तर 1865ची, म्हणजे आपल्याकडील सोड्याचा धंदा या बाटलीहूनही जुना आहे.

गोटीचे काम केवळ बुचाचे असते. बाटली उलटी धरून भरली जाते आणि सरळ केल्यावर आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी बसवलेल्या रबरी कड्यावर घट्ट दाबून बसते. अंगठ्याने किंवा लाकडी ठोकणीने ती आत ढकलली की फस्सकन वायू सुटतो, आणि ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत खाचा ठेवलेल्या असतात. खरी करामत या खाचांचीच, पण त्यांचे कौतुक कोणी करत नाही. गारव्याचे श्रेय बर्फाला किंवा शीतकपाटालाच द्यावे लागेल. जपानमध्ये रामुने नावाचे पेय आजही अशाच बाटलीतून विकले जाते.