चावडीत बसून नेटवर्क-पाहणी

नेटवर्क सॉफ्टवेअर-डिफाइन्ड झालं, म्हणजे डेटाचे तुकडे (पॅकेटं) पुढे धाडणाऱ्या स्विच नावाच्या पेट्यांना नियम एकाच प्रोग्रॅमकडून, कंट्रोलरकडून, जायला लागले, की तुमचं अर्धं काम संपलं. उरलेलं अर्धं, म्हणजे कोणतं मशीन कोणत्या मशीनपर्यंत पोचतंय हे तपासणं, तेही ऑटोमेट करून टाका. एकदा स्क्रिप्ट लावली की नाशकात अंबडच्या ऑफिसात पाय पसरून बसायचं, भिंतीवरच्या टीव्हीत हिरवे ठिपके बघायचे आणि मिसळ मागवायची. मी हे चार वर्षं करतोय, म्हणून अधिकारवाणीने सांगतो.

पहिलं पथ्य : स्विचला काही विचारू नका, कंट्रोलरला विचारा. पूर्वी काही भाऊसाहेब चावडीत बसूनच पीकपाहणी उरकायचे. गेल्या साली द्राक्ष होती ना, मग यंदाही द्राक्षच. बाग तोडून टोमॅटो लावला असला तरी उताऱ्यावर द्राक्षच डुलायची. कंट्रोलरचंही तसंच आहे. ‘अमुक नियम मी स्विचला धाडला’ एवढं त्याच्या वहीत लिहिलेलं असतं. स्विचने तो घेतला का, नियमांचं टेबल भरलं म्हणून नाकारला का, लाइट गेली तेव्हा विसरला का, हे बघायला बांधावर कशाला जायचं? स्क्रिप्टने वही वाचावी, त्याच वहीशी ताडावी आणि शंभर टक्के जुळलं म्हणून कळवावं.

आम्हा नाशिककरांना ही शास्त्रीय दृष्टी तशी कमीच. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले त्याचे आकडे मोबाइलवर येत असतात, तरी लोक भर पावसात गोदाघाटाकडे जाऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, ते डोळ्यांनी बघून येतात. सराफ बाजारात पाणी शिरणार का, याचा अंदाजही त्यावरूनच बांधतात. ही सवय कृपया ऑफिसात आणू नका.

तरीही कुणी खरंखुरं पॅकेट पाठवाच असा हट्ट धरलाच, तर पिंग आहे : पलीकडच्या मशीनला छोटं पॅकेट धाडून उत्तर येतं का ते बघणारा प्रोग्रॅम. 1983 च्या डिसेंबरात माइक म्यूस यांनी ते लिहिलं आणि सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं (सोनार पाणबुडी शोधणारा, सराफ बाजारातला नव्हे). पिंग करताना आकाराला हात लावू नका. लिनक्सवर 56 बाइटचा ऐवज जातो, विंडोजवर 32 चा. एवढासा जीव कुठूनही निसटतो. भद्रकालीच्या बोळातून सायकल आरपार गेली, म्हणजे दहा टायरचा ट्रकही जाणार, हे उघडच आहे.

आमच्या एका ग्राहकाचं सातपूरला गोदाम आहे. आम्ही तिथं व्हीएक्सलॅन, म्हणजे आहे त्या नेटवर्कवर दुसरं आभासी नेटवर्क, चढवलं. हे प्रत्येक पॅकेटवर 50 बाइटचं वेष्टण चढवतं, आणि खालच्या स्विचचा रस्ता 1500 बाइटचाच ठेवायचा, अशी आमची परंपरा. संध्याकाळी स्टोअरच्या आप्पांचा फोन. गेटवर तीन गाड्या उभ्या, ड्रायव्हर हॉर्न मारतायत, आणि मालाचं चलन सेव्ह होत नाहीये.

“आप्पा, नेटवर्क ओके आहे. माझ्यासमोर सगळं हिरवं दिसतंय. पिंग जातंय.”

“साहेब, तुमचं पिंग जातं हो, माझं चलन जाईना ना! दोन आयटमचं जातं. चौदा आयटमचं टाकलं की नुसतं गरगर फिरतं.”

खरं तर निदान त्या एका वाक्यात झालं होतं. मोठं पॅकेट वेष्टणासकट 1500 च्या वर जात होतं आणि खालचा स्विच ते गुपचूप टाकून देत होता, कुणाला निरोपही न धाडता. पण आप्पा बारावी कॉमर्स, त्यांचं कुठं ऐकायचं? मी त्यांना ब्राउझरची कॅश साफ करायला लावली. मग मशीन रीस्टार्ट. मग दुसरं मशीन. गाड्या रात्री साडेनऊला सुटल्या, त्याही आप्पांनी हातानं चलनबुक लिहून दिलं म्हणून. डॅशबोर्ड मात्र पूर्ण वेळ हिरवा होता, हे मी रिपोर्टात ठळक अक्षरांत लिहिलं.

आता जोड्यांचा हिशेब. 40 मशिनं असतील तर प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे अशा 1560 वाटा होतात. एवढ्या कोण तपासतो? पाच निवडा, त्याही एकाच रॅकमधल्या. साहेबांना डेमो द्यायचा असेल तर लॅपटॉपवर मिनीनेट (नकली नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि ‘पिंगऑल’ (सगळ्यांकडून सगळ्यांना पिंग) मारा. शून्य टक्के ड्रॉप दिसतं, टाळ्या पडतात.

जे पोचू नये ते पोचतंय का, हे तर मुळीच तपासू नका. पार्किंगच्या कॅमेऱ्यातून अकाउंट्सच्या सर्व्हरपर्यंत वाट उघडी असली, तर तीही कनेक्टिव्हिटीच की, तिलाही हिरवा ठिपका द्या. अशी वाट बहुधा कुणा कन्सल्टंटसाठी ‘दोन दिवसांपुरती’ उघडलेली असते. ओपनफ्लोमध्ये, म्हणजे कंट्रोलर स्विचशी बोलतो त्या भाषेत, नियम संपण्याचे आयडल (वापर थांबल्यावर) आणि हार्ड (ठरल्या वेळी) असे दोन टाइमआउट असतात. दोन्हीत शून्य भरलं की नियम कायमचा. आम्ही शून्यच भरतो, लक्षात ठेवायला सोपं जातं.

काही विद्वान तुम्हाला बिघडवायला येतील. 2012 मध्ये हेडर स्पेस ॲनालिसिस आलं : पॅकेटचं हेडर (वरचा पत्ता वगैरे) म्हणजे शून्य-एकच्या अवकाशातला एक बिंदू, प्रत्येक स्विच म्हणजे एक फलन, आणि मग एकही पॅकेट न सोडता गणितानेच सांगता येतं की कुठून कुठं पोचता येईल. 2013 मध्ये व्हेरीफ्लो आलं, ते तर नियम स्विचवर चढण्याआधीच अडवून तपासतं. 2012 मध्येच हेडर स्पेसवाल्या मंडळींनीच एका नव्या साथीदारासह चाचणीची पॅकेटं आपोआप निवडायची पद्धत काढली, आणि दाखवलं की स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बॅकबोनवरचे (कण्यासारख्या मुख्य नेटवर्कवरचे) सगळे नियम 4000 पॅकेटांत तपासून होतात, नुसत्या लिंकांना तर 54 पुरतात. चोपन्न! आमची स्क्रिप्ट एका मिनिटात याच्या कितीतरी पट पिंग मारते, सगळे त्याच पाच वाटांवर. मेहनतीत कोण पुढे, तुम्हीच ठरवा.

तपासनिसाला अधिकारही भरपूर द्यावेत. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुकमध्ये बॅकबोनची क्षमता किती आहे ते बघायला एक आज्ञा दिली गेली आणि आख्खा बॅकबोनच तुटला. असल्या आज्ञा अडवायला ठेवलेल्या ऑडिट टूलमध्येच बग होता. पुढचे सहा तास जग शांत होतं. आपल्याकडे एवढी शांतता कुंभमेळ्याची तयारी म्हणून रस्ता खोदणारा जेसीबीच देऊ शकतो.

राहिला अलर्टचा प्रश्न. तपासणारा एजंटच मेला तर डॅशबोर्डवर काय दाखवायचं? शेवटचं माहीत असलेलं. ते हिरवंच असतं.

आप्पांनी हल्ली नवीनच खूळ काढलंय. रोज सकाळी आठला ते तीस आयटमचं खोटं चलन टाकतात, सेव्ह झालं की रद्द करतात आणि मला मिस्ड कॉल देतात. मिस्ड कॉल आला म्हणजे चालू. मी त्यांना दोनदा समजावलं की आप्पा, हे प्रोसेसमध्ये बसत नाही, याचा ग्राफ काढता येत नाही. ते हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिस्ड कॉल.

आत्ता पावणेनऊ झालेत. आज मिस्ड कॉल आलेला नाही. टीव्हीवर सगळं हिरवं आहे. मिसळ आली, खाऊन घेतो.